बायला खाली बसायचं होतं

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या घरात सगळे बाय म्हणतात. मी म्हणते, माझा नवरा म्हणतो, तिची सून म्हणते, शेजारची पोरंसुद्धा म्हणतात. बाय धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी मागाहून येतो, आधी धवलारीण लागते. हळदीच्या दिवशी मांडवात देव मांडायचे, नवरीला पाटावर बसवायचं आणि तिच्या अंगाला अंग लावून धवलारणीनं जमिनीवर बसायचं. मग ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते. हळद आधी कुणी लावायची, तांदूळ कधी टाकायचे, कुठल्या देवाला कधी बोलवायचं, हे सगळं त्या धवल्यांत असतं आणि ती म्हणत जाईल तसं बाकीच्या बायका करत जातात. तिचा एक हात नवरीच्या पाठीवर असतो. देव जमिनीवर मांडलेले असताना धवलारणीनं त्यांच्यापेक्षा उंच बसायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

तेव्हा धवलारणीचे गुडघे गेले म्हणजे नुसते गुडघे जात नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

आणि तिचे गुडघे कामानं गेले नाहीत. कामानं जायचे असते तर चाळिशीतच गेले असते. आवणीला चिखलात वाकून, मिठागरात उकिडवं बसून, चुलीपुढं, पाट्यापुढं, नदीवर धुण्यापुढं, बाईचा निम्मा जन्म जमिनीजवळ गेला. गुडघे गेले ते सुखात. विमानतळासाठी गाव उठलं, उलव्याकडे नवं घर बांधलं, तीन मजली, खाली गुळगुळीत लाद्या. माझ्या भाच्यानं, म्हणजे तिच्या मुलानं, घरात पहिली वस्तू आणली ती आईसाठी खुर्ची. म्हणाला, "आई, तू जनमभर उकिडवी बसलीस. आता राणीसारखी वर बसायचं. खाली बसलेली मना दिसायला नको." आणि खरंच त्यानं दिसू दिली नाही. ओटा उंच, संडास उंच, पलंग उंच. पाण्याचा पेलासुद्धा हातात. शेंगा सोलायला खाली बसली तर सून धावत यायची, अहो बाय, उठा उठा, लोक काय म्हणतील.

आमच्यात मान द्यायचा म्हणजे खुर्ची द्यायची. पाहुणा आला की खुर्ची, व्याही आला की खुर्ची, पुढारी आला की दोन खुर्च्या. ज्यांचे आईबाप दुसऱ्याच्या दारात कायम खाली बसले त्यांना खुर्चीचं एवढं वाटणारच, त्यांना मी हसत नाही. पण मानानं बसवून बसवून आम्ही त्या बाईला जमिनीवरून कायमची उचलून ठेवली. सात-आठ वर्षांत तिला खाली बसता येईना. बसलीच तर उठता येईना. मग लोक लग्नाला बोलवायचे, पण धवल्याला नाही. एका ठिकाणी तिला म्हणाले, खुर्चीवर बसून म्हणा की, माईक देतो. ती नुसती जेवून आली. मला फोनवर म्हणाली, "खुर्चीवं बसून धवला म्हंजे उंटावरून शेल्या हाकनं. मी नाय करायची."

त्या वर्षी तिच्या नातीचं, भाच्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मार्गशीर्षात. गणपती जायच्या आत बायचा मला फोन. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ मुद्द्याला हात. "तू योगा करतंस ना गो? मना पन ने. पोरीच्या हलदीला मना खाली बसायचा हाय."

आता मी योगा करते म्हणजे काय करते, तेही ऐका. मी शाळेत मास्तरीण होते, बत्तीस वर्षं उभी राहून पोरांना ओरडले. निवृत्त झाले आणि वर्षभरात एक दिवस देवासमोर निरांजन लावायला खाली बसले ती उठताच येईना. नवऱ्याला हाक मारली. त्यांनी हात दिला, आणि मला उठवता उठवता तेही बसले. दोघंही देवासमोर खाली. दोघांनाही उठता येईना. अर्धा तास आम्ही तिथं बसून भांडलो, मग दूधवाला आला म्हणून सुटका झाली. दुसऱ्या दिवशी मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी चालणाऱ्या योगवर्गात नाव घातलं. नवरा आला नाही. त्यांचं म्हणणं, मी पेपर वाचतो तेवढा योग पुरे.

नवीन पनवेलच्या त्या हॉलमध्ये तुम्ही डोकावलात तर तुमची निराशाच होईल. डोक्यावर उभं राहणारं तिथं कोणी नाही. साठीच्या पुढची पंधरा-वीस माणसं, भिंतीशी ओळीनं प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, आवाज एकदम हळू. पहिल्या दिवशी त्यांनी आसन शिकवलंच नाही. खाली कसं उतरायचं तेवढं शिकवलं. खुर्चीकडे तोंड करायचं, दोन्ही हात तिच्या बैठकीवर, एक गुडघा घडीच्या सतरंजीवर टेकवायचा, मग दुसरा. मग हात जमिनीवर, मांजरासारखं चार पायांवर. मग एका कुल्ल्यावर हळूच कलायचं आणि बसायचं. वर यायचं ते ह्याच्या उलट. एवढंच. आणि त्यांचा एक कडक नियम होता: उतरणाऱ्याला कुणी हात द्यायचा नाही. शेजारी उभं राहायचं, डोळ्यात तेल घालून बघायचं, पण हात पाठीमागे. "तुम्ही ओढलंत की त्यांचा तोल तुमच्याकडे जातो," त्या सांगायच्या. "आणि तोलाबरोबर हिंमतही जाते."

मला ते वर्षभरात जमलं. मी काही तरुण झाले नाही, पण रात्रीची झोप परत आली, बाथरूममध्ये नळाला धरून चालायची ते सुटलं, आणि मुख्य म्हणजे पडायची भीती गेली. ही भीती काय असते ते तरुण माणसाला सांगून कळत नाही. माणूस पडायच्या आधीच घरात बसतो.

गणपती गेले आणि बाय माझ्याकडे राहायला आली. भाच्याला सांगितलं, बहिणीकडे हवापालट. तो स्वतः गाडीनं सोडायला आला, सोबत तिची खुर्चीही घेऊन आला. मी म्हटलं, माझ्याकडे काय खुर्च्यांचा दुष्काळ पडलाय का रे. तर म्हणे, मावशी, तिला हीच सवय आहे.

आधी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, झीज आहे, ती काही भरून येणार नाही, पण मांड्यांमध्ये जीव आला तर गुडघ्यावरचा भार कमी होईल, करा, सावकाश करा. योगाच्या बाईंनी तिला पहिला महिना खाली उतरूच दिलं नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि धप्पकन न पडता बसायचं. बाय वैतागली. "मी खुर्चीतून सुटाला आलू, आन ही बाय मना खुर्चीतच नाचवतं." पण सोडलं नाही तिनं. घरीसुद्धा करायची. मी भाजी चिरत असले की ही ओट्याला धरून टाचा वरखाली, वरखाली. माझा नवरा पेपराआडून म्हणायचा, बाय, उडाल एखाद दिवशी, विमानतळ जवळच आहे.

श्वासाचं मात्र तिला लगेच आवडलं. आली तेव्हा धवल्याची अर्धी ओळ म्हणेपर्यंत तिला धाप लागायची. बाईंनी सांगितलं, ओठ मिटून, भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडा, जमेल तितका लांब. बायनं एकदा केलं आणि माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, हे तर सासूनं शिकवलंय मना, धवला सुरू कराच्या आदी असाच हुंकार देतान. मग ती सकाळ-संध्याकाळ हुंकार द्यायला लागली. हळूहळू तिची ओळ पुरी व्हायला लागली, मग दोन ओळी एका दमात. स्वयंपाकघरात तिचा आवाज ऐकला की माझा हात चालायचा थांबायचा. तो आवाज मी विसरत चालले होते, ते मला तेव्हा कळलं.

वर्गात जुन्या पनवेलहून रिक्षानं येणाऱ्या एक बाई होत्या. बाजारात त्यांच्या घरच्यांचं दुकान. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. बायच्या शेजारची खुर्ची त्यांची. एक दिवस बायनं विचारलं, तुमी कशाला येतंव? खाला म्हणाल्या, "मला सजद्यात कपाळ जमिनीला टेकवायचंय. खुर्चीवर बसूनही नमाज कबूल होते म्हणतात. होत असणार. पण माझं दिल नाही भरत." बायनं आपली खुर्ची जरा त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाली, माजा पन तसाच हाय. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. एक उतरायची तेव्हा दुसरी हात पाठीमागे बांधून उभी राहायची, बाईंच्या नियमाप्रमाणे, आणि उतरणारीपेक्षा जास्त घाम बघणारीला यायचा.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत बाय जमिनीवर बसली. खुर्ची धरली, एक गुडघा, दुसरा गुडघा, हात खाली, आणि कललीसुद्धा. बाईंनी तिच्याखाली दोन घड्या घातलेलं ब्लँकेट सरकवलं, म्हणजे गुडघ्यावर ताण नको. एक पाय दुमडलेला, एक जरा पुढे. धवलारीण बसते तशीच. बायनं तळहातानं फरशी दोन-तीनदा थोपटली, गुरं थोपटतात तशी, आणि रडायला लागली. खाला रडल्या. मी तर काय, मला रडायला निमित्तच लागतं. बाईंनी आम्हाला रडू दिलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, छान, आता उठून दाखवा. ती उठली. स्वतःची स्वतः.

आता खरी गोष्ट सांगायची तर इथंच सांगायला हवी. भाच्याचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. आई, औषध घेतलंस? आई, वाकू नको हां. आई, मावशीकडे जिना आहे, धरून उतर. बाय हो रे, नाय रे करायची आणि फोन ठेवला की माझ्याकडे बघून डोळा मारायची. मी म्हटलं, सांग की त्याला, किती खूश होईल. ती म्हणाली, "सांगू नको. भियेल त्यो. उद्याच गारी घेऊन येल आन मना उचलून नेल. हलदीला बघंल ना. तवाच बघू दे." मला पटलं. पटलं म्हणजे काय, मजाच वाटली. या वयात दोघी बहिणी मिळून काहीतरी लपवतोय, पोरी असताना कैऱ्या लपवायचो तसं. भाच्याचा चेहरा कसा होईल याच्या आम्ही नकला करायचो.

हळदीचा दिवस. घरासमोर केवढा मांडव. एका बाजूला डीजेची भिंत, जनरेटर, दुसऱ्या बाजूला जेवणाची टेबलं. मधोमध मात्र रीतीप्रमाणे जमीन सारवून घेतली होती, तेवढं भाच्यानं आठवणीनं केलं होतं. देव मांडलेले, नवरीचा पाट मांडलेला. आणि पाटाशेजारी लाल मखमलीची, सोनेरी हातांची खुर्ची. आईसाठी. भाड्यानं आणलेली, नवरानवरीला स्टेजवर देतात तसली. त्यानं मला कौतुकानं दाखवली. म्हणाला, मावशी, धवला कुणी का म्हणेना, माझी आई पोरीच्या शेजारीच बसणार. मी हसले. मनात म्हटलं, थांब जरा, तुला आईच दाखवते.

आमचं ठरलं होतं की ती उतरेल तेव्हा मी शेजारी उभी राहायचं आणि कुणालाही पुढे येऊ द्यायचं नाही. पण लग्नघर म्हणजे लग्नघर. सून आली, मावशी, नवरीच्या साडीची पिन लावा ना, ती कुणाचं ऐकत नाही. मी आत गेले. जाताना बायला खुणेनं सांगितलं, थांब, आलेच. तिनं मान हलवली. तिला धीर धरवला नाही, की मुहूर्त टळेल असं वाटलं, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

मी नवरीला घेऊन दारात आले आणि तिथून पाहिलं. बायनं मखमली खुर्चीकडे तोंड केलं होतं. दोन्ही हात बैठकीवर. एक गुडघा टेकला. दुसरा टेकला. किती छान उतरत होती हो, सावकाश, बाईंनी शिकवलं तसं अगदी. तिनं हात जमिनीवर ठेवले, आणि त्याच क्षणी कुणीतरी ओरडलं, "बाय पडली."

पुढचं सगळं इतक्या झटकन झालं. भाचा सगळ्यात आधी पोचला. मागोमाग त्याचे दोन चुलतभाऊ, एक जावई, आणखी कोण कोण. काखेत हात घालून त्यांनी तिला उचलली. तिचे पाय हवेत लोंबकळत होते. ती ओरडत होती, "सोर, सोर मना, मी बसतंय," पण डीजेवाल्यानं तेव्हाच आवाज तपासायला घेतला होता आणि ते शब्द तिच्या तोंडावर दिसत होते, ऐकू येत नव्हते. मी धावले. माझ्या योगाचा तेवढा एक उपयोग, की मला धावता आलं. पण पोचेपर्यंत तिला खुर्चीत बसवलं होतं. कुणी पाणी, कुणी लिंबू, कुणी पदरानं वारा. एक जण डॉक्टरला फोन लावत होता. खांद्याला हिसका बसला होता, त्यावर ती हात दाबून बसली होती.

"अरे, पडली नव्हती ती," मी म्हटलं. "बसत होती. तिला येतं. आम्ही शिकलोय."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा फटक पडला होता. "मावशी, पाया पडतो," तो म्हणाला. "आज नको. आज काय झालं तर मी काय करू?"

मी बायच्या कानाशी वाकले. म्हटलं, चल, परत उतर. मी इथं उभी राहते. बघते कोण हात लावतो ते. आणि मी खरंच उभी राहिले असते, भर मांडवात सगळ्यांशी भांडले असते. मला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

तिनं मान हलवली आणि खाली बोट दाखवलं. भाचा तिच्या पायाशी जमिनीवर बसला होता. मांडी घालून, सहज. तिचे दोन्ही घोटे त्यानं धरून ठेवले होते आणि पन्नाशीचा तो दांडगा माणूस लहान पोरासारखा रडत होता. "त्याला बग," बाय म्हणाली. "मी आता उतरली तं मरंल त्यो."

ती उतरली नाही.

मुहूर्त काही थांबत नाही. नवरी पाटावर बसली. म्हणाली, "आजी, वरूनच म्हण ना, प्लीज, चालतं गं." बायनं नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात लांब केला, तो पोचला नाही, तेव्हा नातीनंच डोकं पुढे केलं. कुणाला तरी सुचलं आणि डीजेवाल्याच्या मोबाइलवरून धवले लावले, कुणा दुसऱ्याच धवलारणीचे, रेकॉर्ड केलेले. ते इतक्या मोठ्यानं वाजले की शेजारच्या सोसायटीतही गेले असतील. हळद लागली, तांदूळ पडले, सगळं रीतीप्रमाणे झालं. रेकॉर्डमधली बाई नवरीला कुठल्या भलत्याच गावाची लेक म्हणत होती. बाय खुर्चीत बसून होती. देवांकडे पाय होऊ नयेत म्हणून तिनं ते एका बाजूला ओढून घेतले होते, आणि ओठ मिटलेले.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? लोक धावले याचं नाही. आईला पडताना बघून न धावणारा मुलगा असता तर मीच त्याला शिव्या घातल्या असत्या. वाईट वाटतं ते हे, की एकदा, नुसतं एकदा त्या पोराला हॉलमध्ये आणून भिंतीशी उभं करायला हवं होतं. हात पाठीमागे बांध आणि बघ म्हणायला हवं होतं. तो रडला असता, भांडला असता, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी समजला असता. तीन महिने आम्ही तिच्या मांड्या तयार केल्या, तिचा श्वास तयार केला. तिच्या घरच्यांना तयार करायचं राहून गेलं. म्हाताऱ्या माणसाला एकटं शिकवून भागत नाही हे मला आता कळतं, आणि आता कळून काय उपयोग.

बायनं वर्ग सोडला. खांदा बरा व्हायला महिना गेला हे निमित्त, पण बरा झाल्यावरही आली नाही. मी मात्र जाते. खालांना आता दोन्ही हात टेकून सजदा करता येतो, हळू, पण येतो. त्यांनी एकदा मला विचारलं, बाय खाली बसल्या ना मग? कसा झाला धवला? त्यांच्या तोंडावर एवढी आस होती की मी म्हटलं, झाला, छान झाला. त्या म्हणाल्या, मला वाटलंच. मग मी उरलेला तास त्यांच्याकडे बघितलं नाही.

मध्यंतरी बायकडे गेले होते. भाच्यानं तिला नवी खुर्ची आणली आहे, बटण दाबलं की पाठ मागे जाते आणि दुसरं दाबलं की अख्खी खुर्चीच माणसाला उभं करते. त्यानं मला दोनदा चालवून दाखवली. "आता तिला उठायलाही त्रास नाही, मावशी." बायनं पण कौतुक केलं. ती खोटं कौतुक करत नव्हती, मुलाच्या मायेचं तिला खरंच कौतुक आहे. तीच तर सगळी पंचाईत.

तो खाली कुणाशी बोलायला गेला तेव्हा मी तिच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसले. म्हटलं, बाय, घरात कुणी नाही. एकदा म्हण. मला ऐकायचाय. हवं तर मला नवरी समज, मी पदर घेते डोक्यावर. ती हसली. चांगली खळखळून हसली, मला बरं वाटलं. मग तिनं ओठ मिटून तो हुंकार दिला, लांब, न तुटता. श्वास अजून तसाच आहे तिचा, रोज करते म्हणाली. मी वाट बघत बसले. तिनं श्वास सोडला, आणि पुढची ओळ म्हणाली नाही.

"तुजा म्हनून झालाय गो," ती म्हणाली. "तुज्या हलदीला मीच म्हनला व्हता. माजा पयला धवला त्यो. नातीचा र्‍हायला."

तिनं खुर्चीतूनच हात लांब करून माझा पदर सारखा केला. मग जिन्यावर भाच्याच्या चपला वाजल्या आणि ती घाईघाईनं म्हणाली, ऊठ, ऊठ, वर बस. तुला खाली बसलेली बघून पोर घाबरंल.